प्युअर फंक्शनने एक्सेप्शन फेकावं का? माझं मत: कधीच नाही

देवगडची पेटी
प्युअर फंक्शन म्हणजे दिलेल्या किमतींवरून फक्त उत्तर काढणारं, बाहेर काही न करणारं; एक्सेप्शन म्हणजे चूक झाली की काम तिथेच टाकून वर फेकलेली हाक. ओळखीतल्या बागायतदारांच्या पॅकिंग शेडसाठी मी हॅस्केल या फंक्शनल भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. संध्याकाळी मोजणीची फाइल येते: कोणाच्या किती पेट्या, पेटीत किती डझन, भाव काय. रात्री त्यातून चलनं छापायची आणि गाडी वाशीला सुटायची. या हंगामात एका रात्री छपाई अर्ध्यावर थांबली. पडद्यावर फक्त ‘डिव्हाइड बाय झीरो’. कुठली ओळ, कोणाची पेटी, काही पत्ता नाही. शेवटी सापडलं की एका ओळीत डझन ० पडले होते आणि डझनामागचा भाव काढताना भागाकार फुटला होता. गाडी दोन तास उशिरा सुटली.

मनाला लागलं ते वेगळंच. त्या हिशेबाला मी ट्राय, म्हणजे फेकलेलं एक्सेप्शन पकडणारं कुंपण, लावलेला होता. ट्रायच्या आत हिशेब ‘रिटर्न’मध्ये गुंडाळून दिला होता आणि तिथेच घात झाला. हॅस्केल लागेल तेव्हाच हिशेब करतं. भागाकार त्या क्षणी झालाच नाही. न केलेला हिशेब ट्रायमधून सुखरूप बाहेर आला, ‘राइट’ (बरोबर उत्तर) म्हणून यादीत बसला आणि छापायची वेळ आल्यावर फुटला. तोवर ट्राय कधीच मागे पडला होता. तिथे ‘रिटर्न’ऐवजी तिथल्या तिथे हिशेब करायला लावणारं ‘इव्हॅल्युएट’ हवं, हे कळलं. पण तेही फक्त वरचं टरफल फोडतं. रेकॉर्डच्या आत दडलेला भागाकार तसाच राहतो, त्यासाठी डीपसेक या लायब्ररीचं ‘फोर्स’ लावावं लागतं, ते आतपर्यंत सगळा हिशेब करून घेतं.

म्हणून माझं ठाम मत झालं आहे. प्युअर फंक्शनने एक्सेप्शन फेकूच नये. जे चुकू शकतं ते टाइपमध्ये, म्हणजे फंक्शन काय देतं ते सांगणाऱ्या खुणेत, दिसलं पाहिजे: मेबी (किंमत किंवा ‘नथिंग’) किंवा ईदर (‘राइट’मध्ये उत्तर किंवा ‘लेफ्ट’मध्ये चूक). भागाकार ईदर देणारा, मजकुरातून आकडा वाचायला ‘रीड’ऐवजी ‘रीडमेबी’, रिकाम्या यादीवर फुटणारं ‘हेड’ तर हद्दपारच. हॅस्केलचा कंपायलर जीएचसी ९.८ पासून स्वतःच ‘हेड’ आणि ‘टेल’वर इशारा देतो, म्हणजे भाषा सांभाळणाऱ्यांनाही हे पटलेलं दिसतं. ट्राय लावायचा तो फक्त वेशीवर, म्हणजे फाइल, प्रिंटर, नेटवर्क जिथे हाताळतो तिथे. तुम्हा मंडळींना काय वाटतं?

हर्णै बंदर
मला नाही पटत. मी अर्लांग या भाषेत काम करतो. होड्यांवरच्या यंत्रांकडून येणारे संदेश घ्यायचे असतात, दर होडीला एक प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारं छोटं काम. एखाद्या यंत्राने अर्धवट संदेश पाठवला तर ती प्रोसेस मरते, तिच्यावर नजर ठेवणारा सुपरवायझर नवी उभी करतो आणि बाकीच्या होड्यांना कळतही नाही. अर्लांग घडवणाऱ्या जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरिक्सनमध्ये १९८६ पासून हीच वाट घातली: पडू द्या, पण पडणारा एकटा पडेल आणि उठवणारा वेगळा असेल अशी रचना करा. अर्लांगही फंक्शनलच आहे. त्यात व्हेरिएबलची किंमत बदलत नाही, तरी एक्सेप्शन खुशाल उठतं.

तुमच्या पद्धतीत प्रत्येक फंक्शन ‘चुकलं तर’ची झूल पांघरून उभं राहतं. मुख्य काम काय आहे ते वाचणाऱ्याला शोधावं लागतं.

देवगडची पेटी
होडीचा पुढचा संदेश वेगळा असतो, म्हणून तुमचं भागतं. माझ्या फाइलमधली ओळ तीच राहणार. प्रोसेस पुन्हा उभी केली तरी त्याच शून्यावर पुन्हा आपटेल. एरियान ५ या युरोपीय रॉकेटचं फसलेलं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६, आठवा. ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही, एडा भाषेतल्या त्या कोडचं एक्सेप्शन कुणी पकडलं नाही आणि रॉकेटची स्थिती सांगणारं यंत्र बंद पडलं. राखीव यंत्र होतं, पण त्यातही तोच कोड. ते आधीच्याच ७२ मिलिसेकंदांच्या फेरीत त्याच कारणाने थांबलेलं होतं. कोडमध्येच चूक असेल तर दुसरं यंत्रही तीच करणार.

हर्णै बंदर
हा मुद्दा मान्य. सुपरवायझरलाही मर्यादा असतेच: वेगळं काही सांगितलं नाही तर ५ सेकंदांत एकदाच उठवतो, त्याहून जास्त वेळा पडलं तर स्वतः थांबतो आणि वरच्याला कळवतो. बिघडलेली ओळ पुन्हापुन्हा चघळणं हे त्याचं काम नाही. पण लाइट जाणं, नेटवर्क तुटणं, प्रिंटर अडणं या गोष्टी आपल्याकडे जूनपासून रोजच्या. त्या तुम्ही कुठल्या टाइपमध्ये बसवणार?

सावंतवाडी जावा
पंचवीस वर्षं जावा लिहितोय, म्हणून दोन शब्द. टाइपमध्ये चूक दिसली की लोक ती सांभाळतात, हा तुमचा विश्वास माका पटणा नाय. जावाने चेक्ड एक्सेप्शन आणली ती याच आशेने. फंक्शनच्या माथ्यावर लिहायचं, काय काय फुटू शकतं. लोकांनी काय केलं? रिकामा कॅच. चूक गिळली आणि पुढे गेले. २०१४ ला जावा ८ मध्ये लॅम्डा (नाव न देता जागच्या जागी लिहायचं फंक्शन) आली, तेव्हा तिच्या तयार इंटरफेसांत चेक्ड एक्सेप्शनला जागाच नव्हती. मग जो तो ती, माथ्यावर लिहावी न लागणाऱ्या रनटाइम एक्सेप्शनमध्ये गुंडाळून फेकू लागला.

दुसरं म्हणजे स्टॅक ट्रेस. एक्सेप्शन फुटलं की कुठल्या ओळीवरून कुठे आलं, सगळी वंशावळ समोर येते. तुमच्या लेफ्टमध्ये ‘आकडा चुकला’ एवढीच स्ट्रिंग असेल तर रात्री दोनला ती घेऊन कुठे शोधणार?

आणि एरियानचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं, ताई. चौकशी अहवालात आहे की असे धोक्याचे सात आकडे त्या लोकांना ठाऊक होते. चारांना संरक्षण दिलं, तीन मुद्दाम सोडले, कारण ते एवढे वाढणारच नाहीत असं गृहीत होतं. एरियान ४ च्या मार्गावर ते खरंही होतं. हॅस्केल असतं तर त्याच माणसांनी तिथे ‘फ्रॉमजस्ट’ लिहिलं असतं, म्हणजे मेबीत किंमत आहेच असं धरून ती काढली असती.

गुहागर, शेवटचं वर्ष
मध्येच बोलते, माफ करा. ताईंच्या सल्ल्याप्रमाणे मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सगळीकडे ‘रीडमेबी’ लावलं. प्रोग्राम पडत नाही, पण निम्म्या ओळी ‘नथिंग’ म्हणून गायब होत होत्या आणि दोन दिवस कारण कळेना. आकडे भरणारे काका मराठी कळफलक वापरतात. ते १२ देवनागरीत टाकतात आणि हॅस्केलचं ‘रीड’ देवनागरी अंक ओळखत नाही. मैत्रिणीने तोच भाग जावात लिहिला होता, तिचा चालत होता, कारण जावाचं ‘पार्सइंट’ देवनागरी अंकही वाचतं. आधीचं एक्सेप्शन निदान ‘नो पार्स’ असं ओरडून पडलं तरी असतं.

देवगडची पेटी
तुझं उदाहरण मला आज सगळ्यात उपयोगी पडलं. मेबी सांगतं ‘नाही’, का नाही ते सांगत नाही. बाहेरून आलेल्या मजकुराला ईदरच हवा, आणि लेफ्टमध्ये स्ट्रिंगपेक्षा रेकॉर्ड: फाइलमधली ओळ, रकाना, आलेला मजकूर जसाच्या तसा. सावंतवाडीच्या काकांच्या स्टॅक ट्रेसलाही माझं उत्तर हेच. मला रात्री दोनला कोडची वंशावळ नको, पेटीची हवी. ‘ओळ २१४, डझन रकाना, आलं ०’ हे वाचून शेडवरचा मुलगाही मला न विचारता दुरुस्त करू शकतो. स्टॅक ट्रेस तो वाचू शकत नाही.

‘फ्रॉमजस्ट’बद्दल: लिहिलंच असतं, पण दुसऱ्या कुणी कोड तपासताना तो शब्द डोळ्यांत भरला असता. साधा भागाकार डोळ्यांत भरत नाही.

चिपळूण
एका गोष्टीवर कुणी बोललं नाही, आणि मला ती सगळ्यात धोक्याची वाटते. वेशीवर ट्राय लावायचा म्हणून लोक ‘समएक्सेप्शन’ पकडतात, म्हणजे दिसेल ते सगळं. हॅस्केलमध्ये बाहेरून थ्रेडवर (प्रोग्राममधल्या एका चालू कामावर) टाकलेली एक्सेप्शनही त्यात येतात. ‘टाइमआउट’ आतून याच मार्गाने चालतो, कंट्रोल-सी सुद्धा. आतल्या कोडने सगळंच पकडलं तर टाइमआउट उडतो, पकडला जातो आणि काम तसंच चालू राहतं. आमच्याकडे प्रिंटरची वाट पाहणारं काम रात्रभर लटकलं होतं, ३० सेकंदांचा टाइमआउट असूनसुद्धा. स्काला या भाषेने यासाठी ‘नॉनफेटल’ ठेवलंय: मेमरी संपणं, थ्रेडला थांबायला सांगणं असल्या गोष्टी तो पकडत नाही, वर जाऊ देतो. हॅस्केलमध्ये सेफ-एक्सेप्शन्स ही लायब्ररी हा फरक सांभाळते. आणि फाइल उघडून काम करताना ‘ब्रॅकेट’ वापरा, म्हणजे मध्ये काहीही फुटलं तरी फाइल बंद होतेच.

हर्णै बंदर
चिपळूणकर, अगदी मनातलं बोललात. काय पकडू नये हे ठरवणं पकडण्याइतकंच मोठं आहे.

खेड स्टेशन
एफ-शार्प या फंक्शनल भाषेबद्दल लिहिणारे स्कॉट व्लाशिन यांची रेल्वेची उपमा आहे: दोन रूळ, एक यशाचा, एक अपयशाचा. एकदा गाडी अपयशाच्या रुळावर गेली की पुढची सगळी स्टेशनं न थांबता मागे पडतात. उपमा चांगली आहे, पण पेट्यांच्या यादीला ती तशीच लावली की अडचण होते. पूर्ण फाइल ‘ट्रॅव्हर्स’ने, म्हणजे एकेक ओळ घेत, एकाच ईदरमधून नेली तर पहिल्या चुकीलाच सगळा हिशेब थांबतो. ओळ २१४ दुरुस्त केली, पुन्हा चालवलं, आता ओळ ३०१. असं पहाटेपर्यंत चालेल.

आपली कोकण रेल्वे अजून बरीचशी एकेरी आहे. इथे अडलेली गाडी स्टेशनातल्या लूप लाइनला घेतात आणि मागची पुढे काढतात. तसं करा. प्रत्येक ओळीचा ईदर वेगळा ठेवा, शेवटी ‘पार्टिशनईदर्स’ने चुकलेल्या एकीकडे, बरोबर दुसरीकडे. एकाच ओळीत तीन रकाने चुकले असतील तर तेही एकदम कळायला हवेत. त्याला ईदर पुरत नाही, चुका साठवत जाणारं ‘व्हॅलिडेशन’ लागतं.

सावंतवाडी जावा
हे पटलं. पण ताई, एक प्रश्न राहतोच. वेशीवर सगळं तपासून घेतलं, डझन शून्य नाही याची खात्री झाली, तरी आत कुठेतरी शून्य आलंच तर? ती आकडे भरणाऱ्याची चूक नव्हे, आपल्या कोडची. तिथेही ईदर देणार? तो घेऊन वरचं फंक्शन काय करणार? मी तिथे एक्सेप्शन फेकणार, आणि प्रोग्राम जोरात पडू देणार.

देवगडची पेटी
यावर मी रात्रभर विचार केला. वेशीवर तपासलेल्या डझनाला आता वेगळा टाइप दिला आहे, शून्य ज्यात बसूच शकत नाही असा. तो टाइप घडवणारा कन्स्ट्रक्टर मॉड्यूलबाहेर (कोडच्या त्या भागाबाहेर) जात नाही, त्यामुळे आतल्या भागाकाराला ईदरची गरजच उरली नाही. जिथे असा टाइप करता येत नाही तिथे तुमचं म्हणणं मान्य करते: आपल्या कोडची चूक असेल तर पडू दे. म्हणजे शीर्षकातलं ‘कधीच नाही’ मागे घेते. बाहेरच्या माणसाने भरलेल्या आकड्यासाठी मात्र ते कायम.

हर्णै बंदर
आणि लूप लाइनवरच्या ओळींचं काय? बाकीची चलनं छापायची की गाडी थांबवायची? हे कोडने ठरवायचं नाही.

देवगडची पेटी
तेच विचारायला काल शेडवर गेले होते. तिथल्या काकांनी क्षणात सांगितलं: बाकीची छापा, गाडी सोडा, चुकलेल्या पेटीवर खडूने फुली मारून ती बाजूला ठेवा, सकाळी मालकाला फोन करू. एकच अट घातली. एकाच बागायतदाराच्या तीनपेक्षा जास्त पेट्या अडकल्या तर गाडी थांबवायची, त्याचा सगळा माल मागे राहता कामा नये. तो नियम आता ‘पार्टिशनईदर्स’च्या खाली वेगळ्या फंक्शनमध्ये लिहिला आहे. आज रात्री पहिल्यांदा चालवणार.