मदत हवी आहे: सांतियाना देल मार आणि आल्तामिराची मूळ गुहा

मुक्कामी: आम्ही उत्तर स्पेनमधील सांतियाना देल मार येथे जाणार आहोत. तिथली प्रागैतिहासिक चित्रांची आल्तामिराची मूळ गुहा पाहायचीच आहे, परंतु तिकिटे केवळ प्रतिकृतीची दिसतात. मूळ गुहेत प्रवेश कसा मिळतो? आरक्षण आजच करायचे असल्याने कृपया लवकर सांगावे.

पायवाट: कोणत्या दिवशी, कुठून आणि किती जण? वाहन आहे का? गावाला रेल्वे स्थानक नाही आणि प्रतिकृती ज्यात आहे ते संग्रहालय सोमवारी बंद असते. एवढे कळल्याशिवाय काय सुचवणार?

कातळ: मूळ गुहेची आशा धरू नका. पर्यटकांच्या श्वासातील दमट हवेने चित्रे खराब होऊ लागल्याने ती १९७७ मध्ये बंद झाली, १९८२ मध्ये मोजक्या लोकांसाठी उघडली आणि २००२ मध्ये पुन्हा बंद केली गेली. २०१४ मध्ये आठवड्याला पाच जणांना चिठ्ठ्या टाकून सोडण्याचा प्रयोग झाला, पण त्या भरवशावर सहल आखता येत नाही. प्रतिकृती मात्र अवश्य पाहा. मूळ छताच्या खडकाला जिथे फुगवटा आहे, नेमके तिथेच बायसनचे (रानगव्यासारख्या प्राण्याचे) अंग रंगवलेले आहे, आणि ते फुगवटेही प्रतिकृतीत हुबेहूब उतरवले आहेत.

दर्यावर्दी: प्रतिकृती ती प्रतिकृतीच! त्यापेक्षा पुएंते विएस्गो गावची एल कास्तियो गुहा पाहा. तिथली अस्सल चित्रे आजही पाहता येतात आणि त्यांतील एक लाल ठिपका किमान ४०,८०० वर्षे जुना असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आरक्षण मात्र आधी करा.

कातळ: एल कास्तियोचे मोल मला मान्य आहे, पण आल्तामिराच्या बहुरंगी छताची जागा ती गुहा घेऊ शकत नाही. प्रश्न आल्तामिराचा आहे.

सुमेधा_क: जवळच कोमियास गाव आहे, तिथे वास्तुकार गौदींनी रचलेली सूर्यफुलांच्या फरशांची ‘एल काप्रिचो’ ही इमारत नक्की पाहा. बार्सेलोनाबाहेर त्यांच्या इमारती फार थोड्या आहेत.

मुक्कामी: वाहन नाही. बिल्बाओहून रविवारी संध्याकाळी पोहोचून सोमवारी सर्व पाहायचे, असे ठरले आहे. सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात.

पायवाट: हे आधी सांगायला हवे होते, कारण या बेताने संग्रहालय हुकणारच; रविवारीही ते दुपारी तीनला बंद होते. शनिवारीच सांतांदेरमार्गे बसने या, रविवारी सकाळी संग्रहालय पाहा आणि सोमवार कोमियाससाठी ठेवा. संग्रहालय गावापासून दोनेक किलोमीटरवर, चढावर आहे, तेव्हा आईंसाठी टॅक्सी करा. गावातल्या गल्ल्या ओबडधोबड दगडी फरसबंदीच्या आहेत. पावसात त्या निसरड्या होतात, म्हणून चांगली पकड असलेले बूट घ्या आणि खोली शक्यतो कोलेजिआता चर्चच्या जवळच पाहा.

दर्यावर्दी: आईंना एल कास्तियोचा चढ जमणार नसेल, तर तुम्ही एकट्याने तरी जाऊन या.

मुक्कामी: शनिवारची खोली मिळते का ते लगेच पाहतो. आल्तामिराची प्रतिकृती नक्की. एल कास्तियोचे मात्र आईला विचारूनच ठरवेन.