काळ्या जमिनीवर पत्र्याचं लेबर शेड: पाया कसा घ्यावा?

प्रश्नकर्ता:
पिंपळगाव बसवंतजवळ (ता. निफाड, जि. नाशिक) गोडाऊनचं काम, साधारण १० महिने. ४० कामगारांसाठी १० बाय १० च्या खोल्या, एकीत चौघे. जमीन काळी. मुकादम म्हणतो, पाइप गाडा, पत्रा ठोका, एक पावसाळा तर काढायचाय. निघेल का?

शेडवाला:
नाही निघणार. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. नुसते गाडलेले पाइप कलतात आणि जुलैत दारं अडकायला लागतात. वरची दीड-दोन फूट माती काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरा, पाणी मारून ठोका, जोतं फूटभर वर घ्या, वर ३ इंची कोबा (काँक्रीटची जमीन). भोवती चर हवाच, फक्त त्याचं तोंड शेजाऱ्याच्या द्राक्षबागेकडे काढू नका, नाहीतर भांडण ठरलेलं.
छताचे स्क्रू पन्हाळीच्या उंचवट्यावर, रबरी वॉशर घालून. खोलगटात मारले की तिथूनच गळतं. वळवाचा वारा छत कडेपासून उचलतो, म्हणून कडेच्या ओळीत स्क्रू दुप्पट.

वायरमन:
गळतीपेक्षा करंटची काळजी करा. वायर पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून नेली की वाऱ्याच्या थरथरीने घासते आणि अख्ख्या भिंतीत करंट उतरतो. वायर पीव्हीसी पाइपातूनच न्या, सांगाड्याला अर्थिंग द्या. एमसीबी (बोर्डातला नेहमीचा ब्रेकर) ओव्हरलोडला पडतो, माणसाला शॉक बसला तर नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा ब्रेकर) लागतो. तो दर रांगेला वेगळा लावा. सगळ्यांना मिळून एकच असला की एका खराब हीटरने सगळी वस्ती अंधारात, मग कोणीतरी तो बायपास करतोच.

प्रश्नकर्ता:
आणि थंडी?

शेडवाला:
निफाड तालुक्यातली थंडी पत्र्यात जास्तच झोंबते. मग शेगडी आत येते, फटीत गोणपाट कोंबलं जातं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. समोरासमोरच्या भिंतींत छताला लागून जाळीचे झरोके ठेवा, हात पोचणार नाही असे. पहाटे पत्रा आतून ठिबकतो, त्याला फॉइलची बबल शीट. थर्माकोल नको, पेट घेतो.
चूल वेगळ्या शेडमध्ये. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या (२०२५ मध्ये तो रद्द झाला) कलम ३४ मध्येही राहणं मोफत आणि स्वयंपाक, आंघोळ, संडासाची वेगळी सोय असंच होतं. २५ माणसांमागे एक संडास हा हिशेब कागदावर ठीक. सगळे एकाच वेळी कामावर निघतात, तेव्हा ४० जणांना चार धरा.