टोपीवरचा बिल्ला आणि त्यातलं शिंग

चोपडेकर : भाचा मराठा लाईट इन्फंट्रीतून पहिल्या सुटीवर आला. आईने टोपीवरच्या चिन्हावर बोट ठेवलं, "हाई काय शे?" मी म्हणालो, बिल्ला. भाच्याचं तोंड उतरलं. "मामा, बिल्ला हमालाचा असतो." मग मराठीत म्हणायचं काय? मानचिन्ह?

धुळेकर : मानचिन्ह शाल-श्रीफळासोबत मिळतं, बोधचिन्ह संमेलनाचं असतं. टोपीला किंवा छातीला लावायचा तो बिल्लाच, त्यात कमीपणा कसला? चपरास शब्द बघा. पट्ट्यावर लावायची अधिकाराची पितळी पाटी म्हणजे चपरास. ती मिरवणारा चपराशी झाला, आणि आता पाटी कुणाला आठवत नाही, फक्त हुद्दा उरला. बिल्ल्यालाही हमाल असाच चिकटलाय.

चोपडेकर : पटलं. मग त्यातली तुतारी?

धरणगावकर : तुतारी नाही हो! लाईट इन्फंट्रीचे शिपाई मुख्य फौजेच्या पुढे पांगून लढायचे. ढोलाच्या तालावर रांगेत चालणं त्यांच्या कामाचं नव्हतं, म्हणून हुकूम बिगुलावर. युरोपात हे वाद्य शिकाऱ्यांकडून सैन्यात आलं, म्हणून बिल्ल्यांवर ते वळलेल्या शिंगासारखं, दोरी लावलेलं काढतात. आणि गंमत ऐका : बिगुल हा शब्द इंग्रजीतून आला, पण त्याच्या मुळाशी लॅटिन 'बुकुलुस' आहे, म्हणजे गोऱ्हा. बिगुल म्हणजे बैलाचं शिंग! पोळ्याला आपण रंगवतो तेच. तेव्हा सरळ 'शिंग' म्हणा, आईंना लगेच कळेल.

धुळेकर : वा. पण 'पलटण'ही असाच फसवा. आला प्लॅटूनवरून, म्हणजे छोट्या तुकडीवरून म्हणतात, पण मराठीत पलटण म्हणजे अख्खी बटालियन. याच रेजिमेंटची पहिली बटालियन, १७६८ची, 'जंगी पलटण' म्हणूनच ओळखली जाते.

चोपडेकर : शेजारचे आबा महार रेजिमेंटचे निवृत्त. त्यांच्या बिल्ल्यावर दोन मशीनगनी एकमेकींवर तिरक्या, मध्ये कट्यार.

धरणगावकर : खंजीर म्हणा. कट्यारीची मूठ आडवी, पात्याला काटकोनात असते. हिची सरळ आहे. १९४१मध्ये रेजिमेंट उभी राहिली तेव्हा बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता, खंजीर नंतर आला. मशीनगनी विकर्सच्या, तिवईसकट. आबांना 'तिवई' म्हणून बघा, हसतील.