मदत हवी आहे: आण्णांना ऐकू कमी येतंच होतं, आता गरगरतंयही

नमस्कार मंडळी,

माझे वडील, आण्णा, ६३ वर्षांचे आहेत. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत ३१ वर्षं काढली, त्यातली बहुतेक फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला. दिवसभर ग्राइंडर आणि छिन्नी, कानात फक्त कापसाचे बोळे.

टीव्ही मोठा लागतो हे आम्ही धरूनच चाललो होतो. हल्ली मात्र वेगळंच दिसतंय. मामांचा आवाज जाड, त्यांच्याशी नीट बोलतात, पण माझ्या लेकीचं काही कळत नाही. "आवाज येतोय गं, शब्द लागत न्हाईत," म्हणतात. 'सात' म्हटलं की 'आठ' ऐकतात. रात्री सगळं निजलं की दोन्ही कानांत रातकिडे ओरडतात. तेच तेच सांगायचा कंटाळा येऊन लेक आता आजोबांशी बोलायचीच बंद झालीय, हे मला फार लागतं.

गेल्या सोमवारी पहाटे उजव्या कुशीवर वळले आणि छत गरगर फिरलं. अर्धा मिनिट असेल, मग उलटी. तेव्हापासून कूस बदलली किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर केली की तेच. काल मोरीत तोल गेला, भिंत धरली म्हणून वाचले. मेडिकलमधून चक्करची गोळी आणलीय, ती तीन वेळा घेतात आणि दिवसभर पेंगतात.

शुगर १२ वर्षांपासून, बीपीची गोळी अधूनमधून चुकते, विडी सुटलेली नाही. दोन वर्षांपूर्वी लघवीच्या इन्फेक्शनसाठी ॲडमिट होते, त्या फाईलवर अमिकासिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिसतात. ती कानाला बाधतात असं वाचलं आणि पोटात गोळा आला.

आण्णांचं म्हणणं, "वय झालं, चालायचंच." मला ते पटत नाही. कान आणि चक्कर एकाच दुखण्याचे आहेत का? आधी कुणाला दाखवू? आणि धाकटा भाऊ आता त्याच खात्यात लागलाय. त्याने मोबाईलवर मोजलं तर ९७ डेसिबल आलं. त्याला काय सांगू?

प्रतिसाद

ताई, मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारा तज्ज्ञ आहे. न तपासता निदान सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून ही दोन वेगळी दुखणी असावीत.

आवाजाने आतल्या कानातल्या केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. स, त, फ सारखी अक्षरं आणि लहान मुलांचा आवाज त्यातच येतो, म्हणून 'शब्द लागत नाहीत'. शुगर, बीपी आणि विडीने कानाच्या बारीक रक्तवाहिन्यांवर आणखी ताण पडतो. अमिकासिन आतल्या कानाला बाधू शकतं, त्यामुळे ती फाईल नक्की न्या.

कूस बदलल्यावर येणारी, मिनिटभराच्या आत थांबणारी चक्कर बहुतेक वेळा आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून गेल्याने येते. डॉक्टर मान वळवून पटकन आडवं करतात आणि डोळ्यांची हालचाल बघतात. तसं निघालं तर इप्ली नावाच्या क्रियेने पुष्कळांना एक-दोन बैठकीत उतार पडतो. गोळीने कण जागेवर जात नाहीत, उलट पेंगल्याने पडायची भीती वाढते. ती चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना आजच विचारा. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून घ्या. कानाच्या मशिनचं त्यानंतर ठरेल.

बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, दोन-दोन दिसू लागलं किंवा चालताच येईना, तर थेट हॉस्पिटल गाठा. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तरी त्याच दिवशी दाखवा, तिथे उशीर महागात पडतो.

भावाचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९७ ला उरतो अर्धा तास. मोबाईलचं माप पक्कं नसतं, तरी एवढं पुरे आहे. कापूस उपयोगाचा नाही, फोमचे इअरप्लग कानात पूर्ण आत बसवायचे आणि वर इअरमफ. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्यात व्यावसायिक, म्हणजे कामामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे, तेव्हा आण्णांचे जुने कागद टाकू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय, फाईल पिशवीत भरून ठेवलीय. मोरीत आजच दांडी बसवून घेतली. भाऊ दुसऱ्या पाळीला गेलाय, रात्री आला की तुमचा प्रतिसाद त्याला वाचायला देते.