डिलिरियम : वात, भ्रम, संभ्रम की बरळणं?

विचारणा : मणक्याच्या ऑपरेशनआधी नातेवाइकांच्या हाती द्यायचं पान मराठीत करायचं आहे. पेशंट बहुतेक कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडचे, सत्तरीच्या पुढचे. ऑपरेशननंतर माणूस अचानक गोंधळतो, त्या 'डिलिरियमचे रिस्क फॅक्टर्स' याला काय लिहावं?

भूलतज्ज्ञ : 'भ्रम' नको. मानसोपचारात भ्रम म्हणजे पक्का बसलेला खोटा समज. 'स्मृतिभ्रंश' तर मुळीच नको, तो महिनोन्‌महिने वाढत जातो. डिलिरियम काही तासांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो : सकाळी नीट बोलणारा माणूस रात्री मुलाला ओळखत नाही. 'अचानक आलेला संभ्रम' लिहा. 'मुग्धभ्रांती' हा पुस्तकी शब्द वॉर्डात कुणाला कळणार?

वॉर्डातल्या सिस्टर : आपल्याकडं 'वात झालाय', 'बरळाय लागलंय' म्हणतात. तेही लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. म्हाताऱ्या माणसांत गप पडून राहणारा प्रकार खूप असतो : हाकेला उशिरा ओ, घास तोंडात तसाच. 'भूल उतरली नाही' म्हणून घरचे निवांत राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती भूल नसते. वार उलटे म्हणायला सांगा, रविवार, शनिवार, शुक्रवार असे. एरवी जमणाऱ्याचा धागा मध्येच तुटत असेल तर लक्ष टिकत नाही, हे डॉक्टरांना सांगायचं.

भूलतज्ज्ञ : 'रिस्क फॅक्टर्स'ला 'कारणं' लिहिलं तर सगळं एका पातळीवर येतं. दोन शब्द करा, 'मुळातली जोखीम' आणि 'निमित्त'. मुळातली म्हणजे जास्त वय, आधीचा विसराळूपणा, कमी ऐकू येणं किंवा दिसणं, अशक्तपणा, रोजची दारू. निमित्त म्हणजे दोन-तीन मणके स्क्रू-रॉडनं जोडणारं लांबलेलं ऑपरेशन, रक्तस्राव, पडलेलं बीपी, घटलेलं सोडियम, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, मोडलेली झोप. न शमलेलं दुखणं निमित्त होतं आणि ते शमवायला दिलेलं मॉर्फिन, ट्रॅमाडॉलही. म्हणून मात्रा जपून. पाय दुखतो म्हणून आधीपासून चालू असलेलं प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन जरूर विचारा. किडनी मंद असेल तर प्रीगॅबालिन अंगात साठतं. खाज येते म्हणून दिलेलं फेनिरामिनही संभ्रम वाढवतं.

सिस्टर : दारूची ओळ वेगळी, ठळक छापा. लाजेनं लपवतात. दारू अचानक तुटली की पहिल्या दिवसापासूनच थरथर, घाम सुरू होऊ शकतो आणि दोन ते चार दिवसांत भास, संभ्रम.

भूलतज्ज्ञ : बरोबर. त्याचे उपचारही वेगळे : तिथं लोराझेपामसारखं गुंगीचं औषध लागतं, एरवी तेच संभ्रम वाढवतं. घरून आणलेली झोपेची गोळी परस्पर देऊ नका आणि रोजची असेल तर परस्पर बंदही करू नका, ही ओळ जोडा.

सिस्टर : 'वेड' हा शब्द पानावर कुठंच नको, घाबरून माणसं सांगायचीच थांबतात. चष्मा आणि कानाचं मशीन सोबत आणा, दिवसा उजेडात बसवा, डॉक्टरांनी परवानगी दिली की चालवा, लघवीची नळी कधी काढणार ते विचारा. आणि वरच ठळक लिहा : "काल बरे होते, आज वेगळं वागतायत किंवा फारच गप आहेत, असं वाटलं तर रात्री दोन वाजले तरी सिस्टरना उठून सांगा."