मदत हवी आहे : पॅन्क्रियाजचा स्टेंट काढलाच पाहिजे का?

कृष्णाकाठ
मामांच्या पॅन्क्रियाजजवळ पाणी साठलं होतं. गणपतीच्या आधी पुण्यात ते पाणी जठरात उतरवायला एन्डोस्कोपीने स्टेंट (छोटी नळी) टाकला. आता दसरा झाला. डॉक्टर म्हणतायत काढायला या. मामा जेवतात, मळ्यात जातात, पोट दुखत नाही. मामी म्हणते, बरं चाललंय तर कशाला हात लावायचा? पुण्याला न्यायचं म्हणजे गाडी, रजा आणि वर बिल. तसाच ठेवला तर काय होतं? लवकर सांगा. 'डॉक्टरांना विचारा' नको, त्यांचं ऐकून झालंय.

घाटमाथा
स्टेंट कसला? प्लास्टिक की धातू? डिस्चार्ज कार्डावर बघा.

कृष्णाकाठ
स्टेंट म्हणजे स्टेंट. कार्ड मामीच्या ट्रंकेत आहे.

निवृत्त_आणि_निवांत
मला 2016 साली दोन स्टेंट बसले. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवली नाही, त्यामुळे आज खणखणीत. आणि स्टेंट कधी काढत नाहीत, काढावा लागतो ही अफवा आहे.

घाटमाथा
काका, तुमचे हृदयातले. इथे पोटाचा विषय चाललाय.

दुपारची_झोप
घाबरू नका. मला पोटातून टाकलेले दोन प्लास्टिकचे आहेत, कित्येक वर्षं. माझी स्वादुपिंडाची नळी मध्येच तुटलीय, काढले तर परत पाणी साठेल म्हणून डॉक्टरांनीच ठेवलेत. काही त्रास नाही. उगाच लोकांना पुण्याला पळवू नका.

एन्डो_नर्स
दुपारची_झोप, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर आहे, पण ते यांना लागू करू नका. प्लास्टिकचे दोन्ही टोकांना डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असतात, मऊ असतात. धातूचा म्हणजे दोन्हीकडे रुंद कडा असलेली आखूड नळी. पोकळीत सडका गाळ असेल तर बहुतेक तोच टाकतात, तोंड मोठं असतं. पाणी गेलं की पोकळी आक्रसते, पण स्टेंट जागचा हलत नाही. मग आतली कड मागच्या रक्तवाहिन्यांवर घासते. प्लीहेची धमनी तिथूनच जाते. फुगा येऊन फुटला तर धो धो रक्त. नाहीतर स्टेंट जठराच्या भिंतीत रुतून बसतो, काढताना नाकी नऊ येतात.
अमेरिकेत ऑर्लँडोला दोन्ही प्रकारांची तुलना चालू होती. मध्येच तपासलं तर धातूवाल्या 12 जणांत 3 रक्तस्राव आणि 2 रुतलेले निघाले. मग त्यांनी नियमच बदलला : तीन आठवड्यांनी सीटी, पोकळी मिटली असेल तर काढा. हे 2017 साली छापून आलंय. तुमचे डॉक्टर हौस म्हणून बोलवत नाहीयेत.

दुपारची_झोप
12 माणसांवरून काय ठरतं?

एन्डो_नर्स
नुसतं त्यावर ठरलेलं नाही. पण ज्याचा फुटतो त्याला आकडा सांगून उपयोग नसतो. कृष्णाकाठ, ताप? उलटी? शौचाचा रंग?

ताकपीठ
कडुलिंबाचा रस आणि ताक, पॅन्क्रियाज आपोआप सुधारतं. आमच्या शेजाऱ्यांचं सुधारलं.

घाटमाथा
ताकाने स्टेंट निघत नाही हो.

कृष्णाकाठ
कार्ड मिळालं. धातूचा, 16 मिमी लिहिलंय. खाली 'चार आठवड्यांनी सीटी करून काढणे'. ताप अधूनमधून येतो, संध्याकाळी, क्रोसिनने जातो. शौचाला काळी होते पण लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना.

एन्डो_नर्स
आणि हे तुम्ही आत्ता सांगताय! ताप म्हणजे स्टेंट गाळाने किंवा अन्नाने बुजून आत पू झाला असू शकतो. लोहाने रंग काळपट-हिरवट होतो. डांबरासारखी चिकट आणि घाण वास असेल तर ते रक्त आहे. मामींना विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

कृष्णाकाठ
इकोस्प्रिन आहे, बीपीसोबत कुणीतरी दिलेली.

निवृत्त_आणि_निवांत
गोळी अजिबात बंद करू नका!!

एन्डो_नर्स
काका, थांबा. हे ज्याने स्टेंट टाकला तोच ठरवेल. कृष्णाकाठ, फोन लावा, आत्ता.

पॉलिसीवाला
बऱ्याच मेडिक्लेममध्ये डिस्चार्जनंतरचा 60 दिवसांचा खर्च मिळतो. तारीख मोजा. डे-केअरमध्ये पण बसू शकेल.

कृष्णाकाठ
मामी म्हणते चिकट आहे आणि वास येतो. पुण्याच्या डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले प्रवास नको, आधी मिरजेत दाखल करा. रक्त तपासायचं आणि रक्तवाहिन्यांचा सीटी, फुगा दिसला तर तारेने आतूनच बंद करतात. स्टेंटला तिथे कुणी हात लावू नये म्हणाले. गाडी आलीय. जेवण दिलं तर चालेल का?

एन्डो_नर्स
नाही. पाणीसुद्धा विचारून. कार्ड आणि जुनी सीडी सोबत घ्या.

नवीन_सभासद_७
याच धाग्यावर विचारतो. सासऱ्यांना मुतखड्यानंतर किडनीत डीजे स्टेंट घातलाय, दिवाळीनंतर काढू म्हणतोय. चालेल?

घाटमाथा
कोणत्या महिन्यात घातला? आणि कृपया वेगळा धागा काढा.