तोकोनामेच्या लाल किटलीत कुठला चहा करावा? माझं मत: फक्त सेंचा

हिरवीपाती
जपानी क्यूसू, म्हणजे बाजूला दांडी असलेली मातीची किटली (तोकोनामे या जपानी गावची लाल मातीची त्यातलीच), आता आपल्याकडेही बरेच जण मागवतात आणि मग तिच्यात मिळेल तो चहा करतात. माझं म्हणणं असं की किटली आतून बिनझिलईची असेल आणि घरात एकच असेल, तर तिच्यात वाफवलेला हिरवा चहाच करावा. सेंचा, फार तर कुकिचा, म्हणजे चहाच्या देठांचा. होजिचा (भाजलेला हिरवा चहा), गेनमाइचा (भाजलेला तांदूळ घातलेला) आणि काळ्या चहाला झिलईचं भांडं ठेवावं.

सेंचाची पानं खुडल्यावर लगेच वाफवतात, त्यामुळे ती काळी पडत नाहीत आणि कोवळा हिरवा वास टिकतो. हा वास फार नाजूक असतो. होजिचा भाजलेला, त्याचा खमंगपणा झाकणाच्या आतल्या बाजूला आणि तोटीच्या मुळाशी बसून राहतो. अशा किटलीला साबण लावायचा नसतो, मग तो वास काढणार कसा? शिवाय या मातीत लोह भरपूर आहे. त्यात सेंचाचा तुरटपणा मऊ होतो असं जाणकार मानतात, आणि माझ्या जिभेलाही ते जाणवतं. हा गुण होजिचावर कशाला खर्च करायचा?

नागोयाकर
पूर्ण असहमत. मी राहतो तिथून तोकोनामे जवळ आहे, वरचेवर जाणं होतं. इथल्या ओळखीच्या घरांत क्यूसू एकच असते. सकाळी सेंचा, रात्री जेवणानंतर त्याच किटलीत होजिचा. कुणाचं काही बिघडत नाही.

"एका किटलीला एकच चहा" हा रिवाज चीनमधल्या यीशिंगच्या किटल्यांचा. १८७८ साली जिन शिहंग नावाच्या चिनी कारागिराने तोकोनामेला येऊन यीशिंगची पद्धत शिकवली हे खरं, पण म्हणून तिथले पिण्याचे नियमही इथे लागू होत नाहीत. तोकोनामेची लाल माती बारीक असते आणि भाजल्यावर घट्ट होते. गरम पाण्याने विसळा, झाकण काढून कोरडी होऊ द्या. वास राहतो तो बहुतेक वेळा ओल्या पानांमुळे, किटलीत तशीच रात्रभर ठेवलेली.

हिरवीपाती
@नागोयाकर, रोजच्या घरगुती किटल्या पुष्कळदा आतून झिलईच्या असतात, आणि त्यांत बान्चासारखा साधा चहा होतो. तिथे तुमचं बरोबर. मी चांगल्या, पहिल्या खुडणीच्या सेंचाबद्दल बोलतोय. तो महाग मिळतो आणि त्याचा वासच हरवला तर उरतं काय?

बारीकगाळणी
तुम्ही दोघंही वासावरच अडलात. किटलीत कुठला चहा करायचा हे आधी जाळी ठरवते, मग आकार, माती सगळ्यात शेवटी.

फुकामुशी सेंचा नेहमीच्या सेंचापेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ वाफवतात, त्यामुळे पानांचा चुरा होतो. तोटीशी मातीचीच गोल, बारीक भोकांची गाळणी असेल तर ती या चुऱ्याने तुंबते, चहा आत अडकतो आणि कडू होतो. त्याला आतून पोटाभोवती फिरवलेली स्टीलची जाळी हवी. उलट साध्या सेंचाची पानं सुईसारखी लांब असतात, त्यांना मातीची गाळणी उत्तम.

ग्योकुरो या हिरव्या चहाचं तर सगळंच वेगळं. खुडण्याआधी सुमारे २० दिवस ही झाडं सावलीत ठेवतात. पाणी ५० ते ६० अंश आणि तेही अगदी थोडं. एवढ्या कोमट पाण्याला दांडीची गरज नसते, म्हणून त्याला बिनदांडीची छोटी होहिन वापरतात. ३५० मिलीच्या क्यूसूत ग्योकुरो केला तर तळाशी घोटभर पाणी आणि वर सगळी रिकामी जागा, उष्णता लगेच उडून जाते. होजिचाला उकळतं पाणी लागतं, पानंही मोठी, त्याला वरून दांडी असलेली मोठी दोबिन बरी. म्हणजे हिरवीपातीचं उत्तर मला मान्य आहे, त्यामागचं कारण मात्र पटत नाही.

पहिलीखुडणी
दार्जिलिंगच्या फर्स्ट फ्लशबद्दल, म्हणजे पहिल्या खुडणीच्या चहाबद्दल, कुणीच बोललं नाही! तो काळ्या चहात मोजला जातो, पण पान पुष्कळसं हिरवटच राहतं. क्यूसूत लहान-लहान घाण्यांत तो जो फुलतो, तसा मोठ्या चिनी मातीच्या किटलीत फुलत नाही. मी तर हाच करते.

हिरवीपाती
करा, पण मग सेंचासाठी दुसरी घ्या. त्याचा फुलांचा वास सेंचात उतरलेला मला चालणार नाही.

आलंगवती
प्रश्न बाळबोध असेल, पण आपला दूध-साखरेचा चहा यात चालेल का?

नागोयाकर
नाही. इथे मी हिरवीपातीच्या बाजूने. क्यूसू गॅसवर ठेवायची नसते, तडकते. आणि दुधाची साय बिनझिलईच्या मातीत बसली की वास धरते, साबणाशिवाय ती निघत नाही. पातेल्यात करा, गाळून कपात घ्या.

होजिचाबद्दल मात्र मी मागे हटत नाही. @हिरवीपाती, होजिचा करून किटली विसळा, पूर्ण वाळू द्या. मग तिच्यात नुसतं गरम पाणी घालून दोन मिनिटांनी प्या. भाजका वास आला तर सांगा.

हिरवीपाती
नुसतं पाणी नाही. ७० अंशांचा सेंचा, एक या किटलीतला आणि एक होजिचा कधीच न पाहिलेल्या किटलीतला, दोन्ही शेजारी ठेवून. आणि कुठला पेला कुठला, हे पिणाऱ्याला सांगायचं नाही.

नागोयाकर
मान्य. किटल्या मात्र एकाच मातीच्या आणि एकाच मापाच्या हव्यात, नाहीतर बारीकगाळणी पुन्हा जाळीवर येणार.